आजीचा खोकला कोणी तपासला?

गेल्या हिवाळ्यात सोलापुरात अशोक चौकापलीकडच्या एका घरातलं दोन महिन्यांचं बाळ डांग्या खोकल्यानं दवाखान्यात दाखल झालं आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, "टोचूनही झालाच ना? मग टोचायचं कशाला?" दुसऱ्याचं म्हणणं, "पूर्वभागातली माणसं पोरांना टोचून घेत नाहीत, त्याची फळं आपण भोगायची." पूर्वभाग म्हणजे यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. बाळ त्याच भागातलं होतं आणि त्याच्या कार्डावर दीड महिन्याच्या डोसाचा शिक्का होता, हे या दुसऱ्या मंडळींच्या लक्षातही आलं नाही. मधेच कोणीतरी अडुळशाचा काढा सांगून गेलं. कोणीतरी एका परदेशी डॉक्टरचा व्हिडिओ टाकला. तो डॉक्टर आहे याला गळ्यातल्या स्टेथोस्कोपखेरीज पुरावा नव्हता. बाळ बरं होऊन घरी आल्यावर मी भेटायला गेलो. दारातच आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती आणि खोकत होती. कधीपासून खोकला आहे, आज्जी? "झालं की दीड-दोन महिने. तंबाखूचा खोकला हो तो, येतो नि जातो." बाळ दवाखान्यात होतं तेवढ्या दिवसांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ग्रुपवरच्या शे-दोनशे मेसेजांतही ते कोणाला सुचलं नव्हतं.

आजीला डांग्याच होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तिची तपासणी झालीच नाही. माझं म्हणणं नेमकं त्याच जागी सुरू होतं. लस फसली की माणसं अडाणी, हा वादच चुकीच्या जागी मांडलाय. बाळाला तान्हेपणी दिलेली लस तिचं काम करते. पण ती लागू पडायच्या आधीचे काही आठवडे आणि तिचा असर ओसरल्यानंतरची सगळी वर्षं आपण मोकळी सोडली आहेत. तान्ह्या बाळाला हा आजार बहुतेक वेळा घरातल्याच कोणाकडून तरी, अनेकदा मोठ्या माणसाकडून, मिळतो. तेव्हा गरोदर बाईला सरकारी केंद्रात जे इंजेक्शन मिळतं, त्यात डांग्या खोकल्याचा घटक फुकट मिळाला पाहिजे आणि मोठ्यांच्या लांबलेल्या खोकल्याकडे डॉक्टरांनी संशयानं पाहायला शिकलं पाहिजे. बाकीचा वाद यानंतर.

आजार काही नवा नाही. सोलापुरात त्याला चार नावं आहेत: मराठीत डांग्या, तेलुगूत कोरिंत दग्गू, कन्नडात नायिकेम्मू, उर्दूत काली खाँसी. चार भाषांत स्वतंत्र नाव मिळवणारा आजार किती घरांतून फिरला असेल? चिनी आणि जपानी भाषांत तर त्याचं नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असं आहे आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. १९०६ साली बोर्दे आणि झांगू या दोघांनी त्याचा जंतू वेगळा करून दाखवला. तो श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांना चिकटतो आणि विष सोडतो. त्यामुळे जंतू मेल्यावरही खोकला आठवडेच्या आठवडे राहतो. मोठं मूल खोकून खोकून शेवटी हूप असा आवाज करत श्वास ओढतं, ओकतं. तान्ह्या बाळात तेवढीही ताकद नसते. ते अनेकदा खोकतच नाही. एकदम श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. म्हणून घरच्यांना वाटतं दूध नाकात गेलं, आणि उशीर होतो. मोठ्या माणसात उलटं. नुसताच चिवट खोकला, ताप नाही, कामावर जाता येतं. एकाच जंतूचे हे दोन अवतार इतके वेगळे की आजी आणि नातू एकाच आजारानं त्रस्त आहेत हे एका छपराखाली राहूनही कळत नाही.

आता पहिल्या तटाची बाजू. तिच्यात तथ्य आहे आणि ते मान्य न करता पुढं जाणं ही लसीची बाजू घेणाऱ्यांची जुनी खोड आहे. टोचलेल्यांना डांग्या होतो, होतोच. अमेरिकेत लसीकरण उत्तम असूनही २०१२ साली अठ्ठेचाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले. इंग्लंडमध्ये २०२४ साली प्रयोगशाळेत सिद्ध झालेले जवळपास पंधरा हजार रुग्ण होते आणि अकरा तान्ही बाळं दगावली. लसीचा असर काही वर्षांत उतरतो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी बबून माकडांवर केलेल्या प्रयोगात, नव्या प्रकारची लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू आठवड्यांमागून आठवडे राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्या माकडांना दिलाही. म्हणजे 'मी टोचलोय, माझ्यापासून कोणाला धोका नाही' हे वाक्य या आजारापुरतं तरी खात्रीनं म्हणता येत नाही.

पण यातून 'टोचायचं कशाला' हा निष्कर्ष कसा निघतो? तो निघतो, कारण आपल्या मनातली लस अजून देवीची लस आहे. माझ्या वडिलांच्या दंडावर देवीचा वण होता. एकदा टोचलं, वण उठला, जन्माची चिंता मिटली. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला आणि रोगच गेला. मग पोलिओ आला. थेंबांमागून थेंब पाजले, २०११ च्या जानेवारीनंतर मूळ विषाणूचा नवा रुग्ण नाही, २०१४ मध्ये प्रमाणपत्र. या दोन विजयांनी आपल्याला लाडावून ठेवलं. प्रत्येक लसीनं रोगाचं मूळच उपटावं अशी आपली अपेक्षा झाली. डांग्या खोकला त्या जातीचा रोग नाही. एकदा होऊन गेला तरी तो पुन्हा होऊ शकतो. खऱ्या आजारातून आलेली प्रतिकारशक्तीसुद्धा आयुष्यभर पुरत नाही. मग जी गोष्ट खुद्द आजाराला साधत नाही ती त्याच्या लसीनं साधावी, असा हट्ट का? छपराला पावसाळ्याआधी दरवर्षी डांबर मारावं लागतं म्हणून छपरच नको, असं तर कोणी म्हणत नाही. लसीआधी अमेरिकेत या आजारानं वर्षाला सुमारे नऊ हजार मुलं मरत. आज रुग्ण कितीही वाढले तरी मृत्यू त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. 'लस निकामी' म्हणणाऱ्यांनी निदान कोणत्या कामात निकामी ते सांगावं.

आणि न टोचण्याचा प्रयोग करून पाहायची गरज आपल्याला नाही. तो श्रीमंत देशांनी आपल्या खर्चानं करून दाखवला आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात जपानमध्ये त्रिगुणी (घटसर्प, डांग्या आणि धनुर्वात यांची एकत्र लस) टोचल्यानंतर दोन बाळं दगावली. सरकारनं लस थांबवली, मग दोन वर्षांच्या पुढच्या मुलांनाच द्यायची म्हणून सुरू केली. टोचलेल्या मुलांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास होतं ते दहावर आलं. १९७९ साली तेरा हजार रुग्ण आणि एकेचाळीस मृत्यू. दोन मृत्यूंच्या भीतीपोटी एकेचाळीस! त्याच सुमारास लंडनमधल्या डॉक्टरांनी लसीनंतर मेंदूला इजा झालेल्या मुलांबद्दल लेख लिहिला, तो टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत गेला, आणि इंग्लंडातलं लसीकरण तीसेक टक्क्यांवर घसरलं. पुढच्या काही वर्षांत लाखावर मुलांना डांग्या झाला. स्वीडननं १९७९ ते १९९६ अशी सतरा वर्षं लस बंद ठेवली आणि तिथं आजार मुक्कामाला आला.

त्या आईबापांना मी मूर्ख म्हणणार नाही. जुनी लस खरोखर त्रासदायक आहे. अख्खा मारलेला जंतूच तिच्यात असतो. मांडी सुजते, ताप चढतो, पोर रात्रभर किरकिरतं, क्वचित तापातून झटकाही येतो. लागलीच त्यानंतर मुलाला फिट्स सुरू झाल्या तर कोणत्या आईला दोन आणि दोन चार वाटणार नाहीत? या प्रश्नाचा छडा लागायला तीस वर्षं गेली. १९८८ साली इंग्लंडच्या न्यायालयानं सगळा पुरावा तपासून, लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध होत नाही असा निकाल दिला. २००६ साली संशोधकांनी 'लसीमुळे मेंदू गेला' असं मानलेल्या चौदा जणांचे जनुक तपासले, तर त्यातल्या अकरा जणांत फिट्सच्या एका गंभीर आजाराला कारण ठरणारा जन्मजात बदल सापडला. लस नसती तरी त्या मुलांना तो आजार होणारच होता. हे उत्तर मिळेपर्यंत एक अख्खी पिढी शंकेत वाढली, हेही तितकंच खरं. तेव्हा जो डॉक्टर आज आईला "काही होत नाही हो" म्हणून वाटेला लावतो, तो लसीचं भलं करत नाही. ताप येईल, दुखेल, पॅरासिटामॉल द्या, आणि हे हे झालं तर लगेच या, असं सांगायला दोन मिनिटं लागतात. वस्तीतल्या आशाताईंना ते नेमकं जमतं; ते करण्याइतका वेळ आणि मोबदला त्यांना मिळत नाही, हे गाऱ्हाणं वेगळं.

याच त्रासातून पळवाट म्हणून जपाननं १९८१ पासून नवी, जंतूचे निवडक तुकडे घेतलेली लस वापरली आणि मग श्रीमंत देश एकेक करून तिकडं वळले. आपल्याकडं तिला 'पेनलेस' म्हणतात. इथं ग्रुपवरच्या दुसऱ्या तटाची गंमत सुरू होते. सरकारी केंद्रात, अंगणवाडीत, विडी कामगारांच्या वस्त्यांत मिळते ती जुनी दुखरी लस, आता पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या रूपात: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड वर्षानंतर आणि पाचव्या वर्षी त्रिगुणीचे बूस्टर. खाजगी दवाखान्यात पैसे मोजणारी बरीच मंडळी पेनलेस मागून घेतात. आणि जगभरचा अनुभव असा की पेनलेसचा असर दुखरीपेक्षा लवकर उतरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं म्हणूनच पहिल्या डोसांसाठी जुन्या लसीला पसंती दिली. म्हणजे पूर्वभागातल्या ज्या पोराकडं तुम्ही बोट दाखवता, ते सगळे डोस वेळेवर घेतलेलं असेल, तर तुमच्या पोरापेक्षा अधिक काळ सुरक्षित असण्याचा संभव आहे. वस्तीत डोस चुकतात, नाही असं नाही. माग बंद झाला की माणसं भिवंडीला जातात, बाळंतीण माहेरी तेलंगणात जाते, कार्ड पेटीत राहतं. कोविडच्या काळात तर जगभरच घडी विसकटली. २०२१ साली जगातली अडीच कोटी मुलं त्रिगुणीच्या एक वा अधिक डोसांना मुकली. पण यातलं काय अडाणीपण आहे? पाचव्या वर्षाचा बूस्टर सर्वांत जास्त कुठं बुडतो याची चौकशी आपल्याच इमारतीत करून पाहा. पोर शाळेत गेलं की फाइल कपाटात जाते, ती पासपोर्ट काढतानाच बाहेर येते.

बोट दाखवणाऱ्यांपैकी काहींनी पुढची पायरीही सुचवली: टोचलं नाही तर रेशन बंद करा, शाळेत घेऊ नका. सक्तीचा अनुभव या प्रांतानं घेतला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. लोक रोग्याला लपवू लागले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, त्यात त्याचा जीव गेला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोन्ही गोष्टी शंभर मैलांच्या परिसरातल्या. कोणत्या वाटेनं माणसं दंड पुढं करतात, हे ठरवायला फार हुशारी लागू नये.

मग राहतो तो आजीचा खोकला. दुसऱ्या शहरात महिनाभर खोकणाऱ्या माणसाला कोणीतरी विचारेल तरी. सोलापुरात खोकल्याला उत्तरं तयार असतात. यंत्रमागावर असेल तर सुताची धूळ, विड्या वळत असेल तर तंबाखू, दोन्ही नसेल तर रस्त्यावरचा फुफाटा, आणि फारच लांबला तर टीबी. थुंकी तपासतात, टीबी नाही म्हणतात, लाल रंगाचं सिरप देतात. विडीवालीला डांग्या असू शकतो हा विचार यादीतच नाही, कारण डांग्या म्हणजे पोरांचा आजार असं वैद्यकीय शिक्षणापासून डोक्यात बसलेलं. आणि आमची घरं कशी? एका खोलीत माग किंवा सूप, दुसऱ्या खोलीत चूल, पाळणा दोन्हींच्या मधे. सव्वा महिना बाळंतिणीला नि बाळाला बाहेर काढायचं नाही, हा आपला जुना शहाणपणा. बाहेरचं वारं लागू देत नाहीत, पाहुण्याला हातपाय धुऊन ये म्हणतात. पण आजी पाहुणी नसते. ती बाळाला न्हाऊ घालते, टाळू भरते, तोंडाजवळ तोंड नेऊन बोलते. सव्वा महिन्याची राखण बाहेरच्या दाराला असते आणि आजार आतल्या खोलीत बसलेला असतो. पहिला डोसच मुळी दीड महिन्याला, आणि एका डोसानं भागत नाही. साडेतीन महिन्यांपर्यंत बाळ जवळपास उघड्यावर.

या उघड्या दिवसांसाठी उपाय शोधून झाला आहे: गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीच्या सुमारास आईला टोचायचं. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, नाळेतून बाळाकडं जातात आणि ते पहिले महिने निभावून नेतात. इंग्लंडनं २०१२ साली साथीच्या धसक्यानं हे सुरू केलं आणि टोचून घेतलेल्या मातांच्या तान्ह्या बाळांत दहातल्या नऊ वेळा आजार टळतो असं दिसलं. पुढं तिथल्या बायकांचं टोचून घेणं साठ टक्क्यांच्या खाली आलं, आणि २०२४ ची साथ त्यानंतरची. आपल्याला यात परकं वाटावं असं काय आहे? गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन देणारा देश आपण. एकेकाळी आठव्या-दहाव्या दिवशी बाळ ताठून जायचं, बाहेरची बाधा म्हणायचे. आईला टीटी टोचलं, बाळंतपण दवाखान्यात न्यायला लागलो, आणि २०१५ साली नवजात धनुर्वात सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. आईला टोचून बाळाला वाचवायचं, ही कल्पना आमच्या आशाताईंना कोणी नव्यानं शिकवायला नको. अलीकडं टीटीच्या जागी टीडी आलं. धनुर्वातासोबत घटसर्पही त्यात आला. त्रिगुणीतले तीनपैकी दोन गुण. तिसरा, डांग्याचा, असलेलं इंजेक्शन खाजगीत मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञ ते सुचवतातही; किंमत हजाराच्या वर. हजार विड्या वळल्यावर बाईच्या हातात जी मजुरी पडते तिच्या कितीतरी पट.

याला दोन आक्षेप मी गांभीर्यानं घेतो. पहिला शास्त्रीय आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या स्वतःच्या लसीचा असर थोडा दबवतात, आणि आपली दुखरी लस या बाबतीत जास्त नाजूक असू शकते. इंग्लंडचा हिशेब जसाच्या तसा सोलापूरला लावता येणार नाही, हे बरोबर. पण तोलायचं काय ते तरी नीट मांडू. एका बाजूला दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास थांबणं, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांच्या मुलाच्या रक्तात थोडी कमी प्रतिपिंडं, जी बूस्टरनं सावरता येतात. तरीही शंका असेल तर काही जिल्ह्यांत सुरू करून मोजा. दुसरा आक्षेप पैशाचा: काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात, टीबी आणि कुपोषण पुढ्यात असताना, हा खर्च कशाला? हा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो करणारी माणसं वस्तीत काम करणारी असतात. माझं उत्तर एवढंच, की यासाठी नवी यंत्रणा उभारायची नाही. तीच बाई, तीच भेट, तीच सिस्टर, तीच सुई. बदलायचं ते बाटलीतलं औषध. आणि जगाला लस पुरवणारे कारखाने पुण्यात असताना, सरकारनं घाऊक मागणी नोंदवली तर बाटलीची किंमत आज दुकानात आहे तीच राहील, हे कोणी ठरवलं?

एक तिसरा आक्षेप अधिकारी लोक करतात: आपल्याकडं रुग्ण आहेतच कुठं, आकडे दाखवा. आकडे येणार कसे? नाकाच्या मागून स्वॅब घेऊन पीसीआर करायचा असतो, तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केला तरच कळतो, आणि आपल्याकडं माणूस दवाखान्यात जातो दुसरा महिना लागल्यावर. तोपर्यंत चार केमिस्टांकडून अ‍ॅझिथ्रोमायसिनचे अर्धवट कोर्स झालेले असतात. खरं तर तेच औषध वेळेवर आणि पूर्ण घेतलं तर पाचेक दिवसांत माणसाचं संसर्ग देणं थांबतं. मोजत नाही म्हणून दिसत नाही, दिसत नाही म्हणून मोजत नाही. ग्रुपवर एकानं 'डांग्या परत आला' असं लिहिलं होतं, त्यावरही माझं हेच म्हणणं आहे. जो कधी मोजलाच नाही तो गेला होता हे कोणी ठरवलं?

परवा पुन्हा त्या घरी गेलो होतो. बाळाला अडीच महिन्यांचा डोस उशिरानं का होईना मिळाला होता, मांडीवर गाठ होती आणि ते कुरकुरत होतं. आजीचा खोकला आता कमी आहे. मधल्या सुनेला सहावा महिना लागलाय. तिचं कार्ड मी मागून पाहिलं. टीडीच्या दोन्ही रकान्यांत तारखा होत्या, अक्षर सुवाच्य, शिक्का स्पष्ट. बाहेरून घ्यायचं ते इंजेक्शन कितीला पडतं, असं तिच्या नवऱ्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला आणि मागाकडं गेला.